हलवा पापलेट नव्हे, राजासॉरस टी रेक्स नव्हे

मागच्या अंकात गुजरातमधल्या राहिओलीला सापडलेल्या राजासॉरस या डायनासोरवर एक छोटा लेख दिला होता आणि त्यातल्या चित्राखाली 'आपला देशी टी रेक्स' असं लिहून मी मोकळा झालो. चूक माझीच, दुसऱ्या कुणाची नाही. त्यावर पत्रं आली, व्हॉट्सअ‍ॅप आले, एकाने तर बाजारात हटकून विचारलं. त्यामुळे या वेळी मोहोर, तुडतुडे, कलमांची छाटणी सगळं बाजूला ठेवून फक्त डायनासोर घेतोय, आंबेवाल्यांनी एक महिना सांभाळून घ्या.

प्रश्न : काका, मी आठवीत आहे. माझ्या पुस्तकात एकाच पानावर अ‍ॅलोसॉरस, जायगॅनोटोसॉरस, स्पायनोसॉरस आणि टी रेक्स दिलेत. हे सगळे एकाच फॅमिलीतले ना? माझा भाऊ म्हणतो अ‍ॅलोसॉरस मोठा झाला की त्याचाच टी रेक्स होतो. (एक विद्यार्थिनी, देवगड)

बाळा, भावाला सांग की अ‍ॅलोसॉरस आणि टी रेक्स यांची कधी भेटच झाली नाही. अ‍ॅलोसॉरस साधारण १५ कोटी वर्षांपूर्वीचा आणि टी रेक्स ६.८ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे दोघांत ८ कोटी वर्षांचं अंतर, आणि हिशेब केलास तर टी रेक्स हा अ‍ॅलोसॉरसपेक्षा तुझ्यामाझ्या काळाला जास्त जवळ आहे. पुस्तकवाल्यांनी चौघांना एका पानावर उभं केलं कारण चौघे मोठे, चौघे मांस खाणारे आणि चौघांनी तोंड उघडलं की चित्र भारी दिसतं.

आता फॅमिलीचं. यासाठी उद्या घरच्यांबरोबर मासळी बाजारात जा. तिथे पापलेट बघ आणि शेजारी हलवा बघ. दोन्ही चपटे, दोन्ही बसक्या पतंगासारखे, हलवा फक्त काळपट, म्हणून तर इंग्रजीत त्याला चक्क काळं पापलेट म्हणतात. आता हलव्याच्या शेपटीजवळ, जिथे अंग अगदी निमुळतं होतं तिथे, बाजूच्या मधल्या रेषेवरून बोट हलकेच फिरव. खरखरीत, कडक खवल्यांची एक बारीक ओळ बोटाला लागेल. पापलेटला तिथे गुळगुळीत. आता तीच ओळ काटबांगड्यावर बघ, तिथे तर ती एवढी मोठी असते की हात कापतो, नावात काट आलाय तो त्यामुळेच. तर हलवा हा पापलेटच्या घरचा नाहीच, तो काटबांगड्याच्या घरचा. आणि गंमत म्हणजे काटबांगडासुद्धा बांगड्याच्या घरचा नाही! बांगड्याचं घर वेगळं, त्यात सुरमई आणि कुपा येतात. बाजारात नावं पडतात ती दिसण्यावरून आणि चवीवरून, नाती ठरतात ती अशा बोटाला लागणाऱ्या बारीक खुणांवरून.

डायनासोरांच्या बाबतीत शास्त्रज्ञांनीही बरीच वर्षं बाजारातल्यासारखंच केलं. १८२४ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम बकलंडने मेगॅलोसॉरस हे नाव दिलं, डायनासोरला मिळालेलं ते पहिलं शास्त्रीय नाव, आणि त्यानंतर युरोपात कुठेही मोठा मांसाहारी दात किंवा हाड निघालं की ठोक मेगॅलोसॉरसचा शिक्का, इतके शिक्के की त्या नावाचा कचरा झाला. पुढे १८८१ मध्ये अमेरिकेच्या ओथनील मार्शने दोन पायांवर चालणाऱ्या मांसाहारी डायनासोरांसाठी थेरोपोडा असा गट केला, तो आजही टिकून आहे. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रीडरिश फॉन ह्युने नावाच्या जर्मन माणसाने थेरोपोडांच्या दोन खोल्या पाडल्या, मोठे धिप्पाड ते कार्नोसॉर आणि लहान सडपातळ ते सीलुरोसॉर. टी रेक्स, अ‍ॅलोसॉरस, मेगॅलोसॉरस सगळे पहिल्या खोलीत कोंबले गेले. खुद्द ह्युनेनेच पुढे १९२० च्या दशकात लिहिलं होतं की टी रेक्सची मंडळी खरं तर सीलुरोसॉरांकडची दिसतात, पण आकाराचा मोह मोठा, कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

हे बदललं ते १९८० नंतर. जॅक गोतिए या संशोधकाने १९८६ मध्ये थेरोपोडांची वंशावळ नव्या पद्धतीने मांडली. पद्धत अशी की सगळ्यांकडे असलेली जुनी खूण नातं ठरवायला चालत नाही. आपल्याकडे सावंत, परब, नाईक ही आडनावं अख्ख्या सिंधुदुर्गात सापडतात, पण म्हणून सगळे सावंत एका भावकीतले होत नाहीत, भावकी बघायची तर मूळ गाव कुठलं, देवघर कुठलं हे विचारावं लागतं. तसंच इथे. दोन पायांवर चालणं, पोकळ हाडं, तीन बोटांचं पाऊल हे सगळ्याच थेरोपोडांना आहे, त्यातून आतल्या शाखा कळत नाहीत. जी खूण मध्येच कुठेतरी नवी आली आणि फक्त काहींकडेच उतरली तीच भावकी सांगते. अर्थात एकट्या खुणेवरही कुणी विसंबत नाही, कारण तीच खूण दोन घरांत आपापली येऊ शकते, म्हणून शेकडो खुणांचा तक्ता करून कॉम्प्युटरकडून सगळ्यात सरळ बसणारी वंशावळ काढून घेतात.

तसं केल्यावर टी रेक्सचं घर हललं. त्याचं पाऊल बघ. तळपायाची तीन लांब हाडं असतात, त्यातलं मधलं हाड वरच्या टोकाला दोन्हीकडून चेपून पाचरीसारखं बारीक झालेलं असतं. अ‍ॅलोसॉरसचं तसं नाही, त्याची तिन्ही हाडं चांगली जाडजूड. हे चेपलेलं हाड शहामृगासारख्या दिसणाऱ्या धावऱ्या डायनासोरांमध्ये सापडतं. मग कवटीच्या, कंबरेच्या, हाताच्या इतर खुणाही त्याच बाजूला झुकल्या आणि १९९० च्या दशकात टी रेक्स मोठ्यांच्या खोलीतून उचलून लहानांच्या खोलीत नेऊन ठेवला गेला. म्हणजे १२ मीटर लांबीचा, सातआठ टनांचा हा गडी कोंबडीएवढ्या आणि कुत्र्याएवढ्या पिसाळ (पिसंवाले म्हणतोय, चावरे नव्हे) डायनासोरांचा नातलग, आणि अ‍ॅलोसॉरसपेक्षा चिमणीला जवळचा!

हे कागदावरचं होतं, पुढे दगडातही निघालं. चीनमधला डिलाँग २००४ मध्ये जाहीर झाला, टी रेक्सच्याच कुळातला पण दीडदोन मीटरचा आणि अंगावर पिसांसारखे तंतू. २००६ मध्ये ग्वानलाँग, १६ कोटी वर्षांपूर्वीचा, तीनेक मीटरचा, हाताला दोन नाही तर तीन बोटं. २०१२ मध्ये युटिरॅनस, हा मात्र ९ मीटरचा आणि तरी पिसांचा. आणि अमेरिकेत युटा राज्यात मिळालेली मोरोसच्या पायाची हाडं २०१९ मध्ये जाहीर झाली, ९.६ कोटी वर्षांपूर्वीची, अख्ख्या प्राण्याचं वजन जेमतेम एका माणसाएवढं. म्हणजे कोट्यवधी वर्षं हे कुळ लहानखुरंच होतं, मोठेपणाची जागा अ‍ॅलोसॉरसच्या भावकीने अडवून ठेवली होती, त्यांचा उत्तरेतला पसारा आटोपला आणि मग ह्यांनी हातपाय पसरले. हात नाही, नुसते पाय म्हणूया.

तर तुझ्या पानावरच्या चौघांपैकी अ‍ॅलोसॉरस आणि जायगॅनोटोसॉरस एका मोठ्या घरातले, टी रेक्स दुसऱ्या, स्पायनोसॉरस तिसऱ्या. भावाला एवढं पुरे.

प्रश्न : ओ, माका सांगा, तो राजासॉरस म्हणजे टी रेक्साचो भाव काय? तेचेपण हात बारीकच दाखवल्यात. आणि तुम्ही 'देशी टी रेक्स' लिवलास ता खरा काय? (एक मच्छीमार, मालवण)

खरा नाय हो, तेचीच तर माफी मागतंय. हात बारीक म्हणून भाऊ म्हणायचं तर अख्खी वाडीच भाऊ निघेल. आखूड हात मोठ्या मांसाहाऱ्यांमध्ये निदान तीन घरांत स्वतंत्रपणे झालेत, टी रेक्सच्या घरात, अ‍ॅबेलिसॉरांच्या घरात (राजासॉरस यांच्यातलाच) आणि जायगॅनोटोसॉरसच्या घरात. तिघांचेही डोके अवाढव्य, डोकं आणि जबडाच सगळी कामं करायला लागला की हात आटत गेले असावेत. नीट बघितलं तर हात तरी सारखे कुठे आहेत? टी रेक्सला दोन बोटं, पण दंडात ताकद आणि टोकाला चांगली नखं. अ‍ॅबेलिसॉरांना चार बोटं, पण कोपरापासून पुढचा हात म्हणजे नुसता ठोंब, मनगट धड नाही, बोटं धड हलत नाहीत.

राजासॉरस हा अ‍ॅबेलिसॉर. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या सुरेश श्रीवास्तव यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातमध्ये बालासिनोरजवळ राहिओलीला त्याची हाडं गोळा केली, बरीच वर्षं ती तशीच होती, मग भारतीय आणि अमेरिकन संशोधकांनी मिळून ती जुळवली आणि २००३ मध्ये राजासॉरस नर्मदेन्सिस हे नाव दिलं. डोक्यावर मधोमध एक बुटकं, गोलसर शिंग, कवटी आखूड आणि जाड.

माझ्यासारखी चूक आधी मोठमोठ्यांनी केलीय हे कळल्यावर मला जरा बरं वाटलं. जबलपूरच्या बडा सिमला टेकडीतल्या हाडांवरून ह्युने (होय, तोच खोल्या पाडणारा) आणि मॅटली या दोघांनी १९३३ मध्ये इंडोसुकस आणि इंडोसॉरस अशी नावं दिली. नंतर १९६० आणि ७० च्या दशकात इंडोसुकसला टी रेक्सच्या कुळात टाकलं गेलं, म्हणजे तेव्हा खरोखरच कागदोपत्री देशी टी रेक्स होता! मग १९८५ मध्ये अर्जेंटिनात होसे बोनापार्ते यांनी अ‍ॅबेलिसॉरस आणि दोन शिंगांचा कार्नोटॉरस जगासमोर आणला आणि लक्षात आलं की आपल्या जबलपूरच्या कवट्यांचे तुकडे त्यांच्याशी जुळतात. मादागास्करमध्ये तर आणखी गंमत, तिथल्या मजुंगासॉरसच्या कवटीचा जाड तुकडा आधी डोकी आपटणाऱ्या शाकाहारी डायनासोरचा समजून त्याला वेगळं नाव दिलं होतं, १९९० च्या दशकात पूर्ण कवटी मिळाली तेव्हा उलगडा झाला की हा तर मांसाहारी.

अर्जेंटिना, मादागास्कर आणि गुजरात, हे एवढे लांब लांबचे एका घरातले कसे, तर ही सगळी जमीन पूर्वी एकत्र होती, गोंडवन. भारत मादागास्करपासून साधारण ८.८ कोटी वर्षांपूर्वी सुटला, आणि आपल्या या पश्चिम किनाऱ्याला तर त्यानंतरही सेशेल्स चिकटलेलं होतं. मालवणहून होडी न काढता चालत सेशेल्स, विचार करा. टी रेक्सचं कुळ मोठं झालं ते उत्तर अमेरिका आणि आशियात. राजासॉरस आणि टी रेक्स जवळपास एकाच काळातले, पण त्यांच्या शाखा कितीतरी आधी, १५ कोटी वर्षांच्याही आधी फुटलेल्या. भाऊ सोडा, सुतक लागायचं नाही इतके लांबचे.

प्रश्न : आमच्या घराच्या वर सड्यावर जांभ्यात तीन बोटांचा मोठा ठसा आहे. फोटो पाठवलाय. हा मांसाहारी डायनासोरचा असू शकतो का? कुठला? (एक वाचक, राजापूर)

नाही. फोटो सुंदर आहे पण नाही. ठसा उमटायला ओला चिखल लागतो, तो बुजून दगड व्हावा लागतो. तुमचा जांभा म्हणजे खालचा काळा कातळ पावसापाण्याने कोट्यवधी वर्षं कुजून झालेला दगड, त्यात भोकं, खळगे, पन्हळी आपोआप पडतात आणि त्यातली एखादी कोंबडीच्या पायासारखी दिसते. आणि तो खालचा काळा कातळ हा लाव्हा, त्याचे थर ओतले गेले ते ६.६ कोटी वर्षांच्या आगेमागे, त्यावर पाऊल ठेवायला कोण जाणार. (मालवण वेंगुर्ल्याकडचे जुने खडक तर डायनासोरांच्याही कितीतरी आधीचे, तिथेही आशा नको.) महाराष्ट्रात डायनासोर बघायचे तर चंद्रपूर जिल्ह्यातलं पिसदुरा, तिथे हाडंही निघालीत आणि डायनासोरांच्या काळातली दगड झालेली विष्ठाही.

पण कडा धारदार, हाताने कोरल्यासारख्या वाटत असतील तर तो ठसा नसून कातळशिल्प असू शकतं, आणि मग ते डायनासोरपेक्षा कमी किमतीचं नाही. तुमच्या तालुक्यातली शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत २०२२ पासून आहेत. त्यावर खडू, चुना, रंग काही लावू नका, शेजारी पट्टी ठेवून परत फोटो काढा.

प्रश्न : स्पायनोसॉरस हा डायनासोर की मगर? मुलाशी पैज लागली आहे. (एक पालक, चिपळूण)

डायनासोर. पैज मुलाने जिंकली असावी असा माझा अंदाज.

तुमच्या वाशिष्ठीत मगरी आहेत, त्यामुळे गैरसमज समजू शकतो, तोंड तसंच लांबट आणि दात सुळकेवजा. पण हे मासे धरायच्या कामासाठी आलेलं सारखेपण, नात्याचं नाही. त्याचा इंग्लंडमधला भाऊबंद बॅरिऑनिक्स, विल्यम वॉकर नावाच्या हौशी माणसाला १९८३ मध्ये मातीच्या खाणीत त्याचं फूटभर लांबीचं नख मिळालं, पुढे सांगाडा निघाला आणि पोटाच्या जागी माशाचे खवले, पचनरसाने झिजलेले. सोबत एका शाकाहारी डायनासोरच्या पिल्लाची हाडंही होती, म्हणजे नुसत्या माशांवर भागत नसावं. वंशावळीत हे दोघे मेगॅलोसॉरसच्या बाजूला बसतात.

स्पायनोसॉरसची मूळ हाडं बघायला मिळत नाहीत याचं मात्र मला फार वाईट वाटतं. एर्न्स्ट श्ट्रोमर या जर्मन संशोधकाने इजिप्तमधून आणलेल्या हाडांवरून १९१५ मध्ये हे नाव दिलं. महायुद्धात तो म्युनिकच्या म्युझियममधून हाडं हलवा म्हणून मागे लागला होता, कुणी ऐकलं नाही आणि एप्रिल १९४४ मधल्या बॉम्बहल्ल्यात सगळं जळालं. उरली ती त्याची चित्रं आणि थोडे फोटो. पुढे मोरोक्कोत नवा सांगाडा मिळाला आणि २०२० मध्ये त्याची शेपूट जाहीर झाली, वल्ह्यासारखी उंच आणि चपटी. तो खोल पाण्यात पोहून शिकार करायचा की बगळ्यासारखा उथळ पाण्यात उभा राहून, यावर मात्र अजून कचाकच भांडणं चालू आहेत.

प्रश्न : सगळ्यात मोठा मांसाहारी कोण? एकच नाव सांगा. (एक वाचक, अलिबाग)

लांबीला स्पायनोसॉरस, १४ मीटरच्या आसपास. वजनाला टी रेक्स. जायगॅनोटोसॉरस दोघांच्या मागेपुढे. एकच नाव मागू नका, सुरमई लांब की मोरी जाड असला प्रश्न आहे हा.

प्रश्न : दर काही वर्षांनी शास्त्रज्ञ वर्गीकरण बदलतात. मग मुलांना शिकवायचं तरी काय? कार्नोसॉर हा शब्द रद्द झाला असं आम्ही शिकलो, आता परत दिसतो. (एक शिक्षक, दापोली)

गुरुजी, तुमचं म्हणणं रास्त आहे, आणि शब्द परत आलाय हेही खरं. मधल्या काळात कार्नोसॉर म्हणजे फक्त अ‍ॅलोसॉरसची भावकी असं ठरलं होतं, मेगॅलोसॉरसवाले वेगळे. मग २०१९ मध्ये अर्जेंटिनाचा अस्फाल्टोवेनेटर आला, त्याच्यात दोन्हीकडच्या खुणांची सरमिसळ, आणि त्याचा अभ्यास करणाऱ्यांनी मांडलं की मेगॅलोसॉरस आणि अ‍ॅलोसॉरस एकाच मोठ्या घराच्या दोन पडव्या आहेत, त्या घराचं नाव कार्नोसॉर. सगळ्यांना ते पटलेलं नाही. पण बघा, ह्युनेची मोठ्यांची खोली अर्धीमुर्धी परत उभी राहिली, फक्त टी रेक्स आणि अ‍ॅबेलिसॉर तिच्यात नाहीत.

सर्वात मोठा घोळ मेगारॅप्टरांचा. दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात सापडतात, हाताला भलीमोठी नखं, हाडं हवेच्या पोकळ्यांनी भरलेली, आणि सांगाडे सगळे अर्धवट. २०१० मध्ये त्यांना अ‍ॅलोसॉरसच्या बाजूला बसवलं, दोनतीन वर्षांत दुसऱ्यांनी उचलून टी रेक्सकडे नेलं, आता बरेच जण तिकडेच कुठेतरी ठेवतात. २०२५ मध्ये अर्जेंटिनात होआकिनरॅप्टर जाहीर झाला तो तर जबड्यांच्या मध्ये मगरीच्या एका नातलगाचं दंडाचं हाड असलेला.

शिकवायचं म्हणाल तर फांद्या शिकवा, नावं नंतर. अ‍ॅबेलिसॉर आधी फुटले, मग मेगॅलोसॉरस आणि अ‍ॅलोसॉरसवाले, आणि टी रेक्स पक्ष्यांच्या फांदीवर, हा सांगाडा गेली तीस वर्षं हललेला नाही. हलतात ती टोकं. मी वर्गात असतो तर टोकं पेन्सिलीने काढली असती.

प्रश्न : आमचा कोंबड्यांचा धंदा आहे. लोक म्हणतात कोंबडी टी रेक्सपासून झाली. मग माझ्याकडे दोनशे टी रेक्स आहेत का? (एक वाचक, गुहागर)

टी रेक्सपासून नाही. १८६१ मध्ये नाव मिळालेला आर्किओप्टेरिक्स हा पिसांचा, पंखांचा प्राणी १५ कोटी वर्षांपूर्वीचा आहे, टी रेक्स जन्मायच्या कितीतरी आधी पक्ष्यांची फांदी सुटली होती. टी रेक्स हा कोंबडीचा आजोबा नव्हे, आजोबांच्या चुलत घरातला, आणि निर्वंश झालेला. पण डायनासोर दोनशे आहेत हे म्हणायला हरकत नाही, पक्षी थेरोपोडच आहेत.

पुरावा तुमच्या ताटात असतो. कोंबडीवडे कराल तेव्हा छातीच्या वरच्या बाजूचं व्ही आकाराचं बारीक हाड शोधा, दोन गळ्याची हाडं जुळून ते झालेलं असतं. गेरहार्ट हाइलमन याने १९२६ मध्ये पक्षी डायनासोरांपासून आले नसावेत असं जे ठासून सांगितलं त्याला मोठा आधार हाच होता की डायनासोरांना गळ्याची हाडंच सापडत नाहीत, मग हरवलेलं हाड पक्ष्यात परत कसं येईल. पुढे कळलं की ती होती, अ‍ॅलोसॉरसची तर पेटीत पोटाच्या बरगड्या म्हणून पडून होती! टी रेक्सलाही ते हाड होतं. मी एक स्वच्छ धुवून खिडकीत वाळत ठेवलंय शाळेतल्या पोरांना दाखवायला, पण आमची मांजर दोनदा घेऊन पळाली, आता डब्यात ठेवतो.